साखिरची तालीम

गाडी गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा तिच्या पुढच्या पंखावर आणि एका कुशीवर झगझगीत हिरवा रंग फासलेला होता. रंग ओला होता, उन्हात चमकत होता. गाडी एक फेरी मारून परत आली आणि पाहतो तर त्या रंगाच्या शेकडो बारीक रेघा झालेल्या, न्हाऊन आल्यावर ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा. काही ठिकाणी रेघा सरळ मागे गेल्या होत्या. एका जागी मात्र त्यांचा गुंता होऊन रंग तिथेच साकळला होता. गाडी थांबताच कॅमेरे घेतलेली माणसं धावत आली आणि गुडघ्यांवर बसून त्या गुंत्याचे फोटो काढू लागली.

मावसभावाने डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली. म्हणाला, "ताई, हे तर आपलं ब्लू मॅचिंग!"

तो वसईजवळच्या वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या मोल्डचं काम करतो. मोल्डचे दोन अर्धे भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे पाहायचं, तर एका भागाला पातळसा निळा रंग लावतात, दोन्ही भाग दाबतात आणि उघडून बघतात. निळा डाग जिथे उमटला तिथे लोखंड लोखंडाला भिडलं, कोरं राहिलं तिथे फट आहे. मग फाइल घेऊन बसायचं. आमच्यासमोर चाललेलं काम त्याच जातीचं होतं. तेलात कालवलेली चमकदार पूड गाडीला फासायची, वारा तिला कुठून कुठे ढकलतो ते बघायचं आणि संगणकाने सांगितलेली वाट वारा खरंच घेतो का, याची खात्री करायची. यंत्रं कोट्यवधींची असली तरी शेवटी रंग फासून डोळ्यांनीच बघावं लागतं, याचा त्याला झालेला आनंद मला त्या तीन दिवसांत पुन्हापुन्हा आठवत राहिला.

तो दिवस होता बुधवार, 26 फेब्रुवारी 2025. महाशिवरात्र. वसईत तुंगारेश्वरच्या डोंगरवाटेवर पहाटेपासून रांग लागली असणार. आम्ही दोघं बहरीनच्या वाळवंटात, साखिरच्या ट्रॅकवर, पिटसमोरच्या स्टँडमध्ये बसलो होतो. खिशात घरून आणलेली सुकेळी होती. तीही उपासाला चालणारी.

तालमीचा विषय

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय एका शब्दाचा होता : तालीम. नाटकाची तालीम, कुस्तीची तालीम, लेझीम पथकाची तालीम यांवर लिहिणारे जाणते लोक आहेत. मला आठवलं ते फॉर्म्युला वनचं टेस्टिंग. हंगाम सुरू होण्याआधी सगळे संघ नव्या गाड्या घेऊन एका ट्रॅकवर जमतात आणि काही दिवस गाड्या चालवून, सोडवून, पुन्हा जोडून पाहतात. त्याला गुण नाहीत, चषक नाही, व्यासपीठ नाही.

ही ओढ जुनी आहे. मार्च 2023मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर माजी चालक डेव्हिड कूलथार्डने रेड बुलची जुनी गाडी पळवून दाखवली होती. तेव्हा मी आणि मावसभाऊ वसईहून लोकलने गेलो होतो. गर्दीत गाडी जेमतेम दिसली, पण आवाज पोटात घुसला. परतताना तो म्हणाला होता, "ही शोभा झाली. हिचं काम चाललेलं बघायला मिळालं पाहिजे." शर्यत बघण्यापेक्षा काम बघण्याची इच्छा मला फार मोलाची वाटली. वसई पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीवच्या गाळ्यांत हजारो माणसं दिवसभर यंत्रांपाशी उभी असतात. त्यांना यंत्र कळतं. यंत्रांच्या या सर्वांत मोठ्या जत्रेत मात्र ती फक्त टीव्हीसमोर असतात.

उलट्या दिशेची लोकल

परदेशी शर्यत म्हटली की लोकांना लाखांचे आकडे दिसतात, आणि शर्यतीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. शर्यतीच्या आठवड्यात तिकीट महाग, हॉटेल महाग, विमानही महाग. टेस्टिंगचं गणित वेगळं. तिकीट शर्यतीच्या तुलनेत किरकोळ, स्टँड अर्धा रिकामा आणि गाव आपल्या नेहमीच्या भावात. शिवाय 2025मध्ये बहरीनची शर्यत एप्रिलमध्ये होती. रमजानमुळे हंगामाची सुरुवात मेलबर्नला ठेवली होती. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी साखिरला फक्त कामाची माणसं आणि आमच्यासारखे बघे.

खरा मोठा घास विमानाच्या तिकिटाचा. मावसभावाची गाळ्यातल्या भिशीची पाळी डिसेंबरात लागली, त्यातून त्याचं तिकीट निघालं. माझं निघालं दोन अनुवादांच्या मानधनातून. व्हिसा ऑनलाइन मिळाला. राहायला हॉटेल नव्हतंच. आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचे यजमान, गिरीजचे काका, वीस वर्षांपासून बहरीनमध्ये नोकरीला आहेत. रिफामध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. वसईच्या माणसाला आखातात ओळखीचं एखादं दार सापडत नाही, असं सहसा होत नाही. आमच्याकडे स्वस्त प्रवासाची खरी युक्ती हीच. त्या दाराशी जाताना हात रिकामे न्यायचे नाहीत, एवढंच पाळायचं. आम्ही नेला बाटलीचा मसाला, अर्नाळ्याचे सुके बोंबील पाच पिशव्यांत गुंडाळून आणि आगाशीची सुकेळी.

सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी : ही राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. रंग मधासारखा येतो, चव खजुराच्या आणि मुरांब्याच्या मधली. कितीतरी दिवस टिकतात, सांडत नाहीत, वास येत नाही आणि एका सुकेळ्यावर दोन तास निघतात. प्रवासासाठी यापेक्षा सोयीचा शिधा मला माहीत नाही.

विमानतळाला टॅक्सी करायची गरज उरली नाही, हेही सांगायला हवं. संध्याकाळी वसई रोडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी नसते, सगळं गाव तेव्हा घरी परतत असतं. अंधेरीला उतरायचं, घाटकोपरची मेट्रो धरून मरोळ नाक्याला यायचं, तिथे जमिनीखालच्या नव्या मेट्रोत बसायचं आणि पुढच्याच स्थानकावर उतरायचं : टर्मिनल दोन. पाठीवरची सॅक, हातातली पिशवी आणि दुर्बीण. ती दुर्बीण भुईगावच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जाणाऱ्या एका मैत्रिणीची. समुद्रपक्ष्यांसाठी घेतलेल्या त्या काचांनी पुढे तीन दिवस नटबोल्ट पाहिले.

साडेतीन तासांत बहरीन. घड्याळ अडीच तास मागे. एका दिनारचे तेव्हा साधारण दोनशे तीस रुपये होत होते. दिनार मोडला की हजार फिल्स. काकूंनी पहिल्या दिवशीच बजावलं, "मनात सारखे रुपये करत बसू नका, घास गिळणार नाही." पण कोपऱ्यावरच्या टपरीवर दोनशे फिल्सचा चहा घेताना हिशेब झालाच, सेहेचाळीस रुपये. त्या चहाचं तिथलं नाव 'करक'. आपलाच कडक आखातात जाऊन करक झाला. दुधाळ, वेलचीचा, जिभेला चटका देणारा.

चोवीस तास

टेस्टिंगचे तास मोजलेले असतात. 2025मध्ये ते होते सकाळी दहा ते दोन, दुपारी तीन ते सात. दिवसाचे आठ, तीन दिवसांचे चोवीस. एका संघाला ट्रॅकवर एकच गाडी आणायची मुभा आणि चालवणारे दोघे. म्हणजे एकेका चालकाच्या वाट्याला बारा तास. बारा तासांत नव्या गाडीशी ओळख करून घ्यायची आणि मग वर्षभर तिला तीनशेच्या पुढच्या वेगाने पळवायची.

पूर्वी असं नव्हतं. 2009पूर्वी ज्याच्याकडे पैसा, तो वर्षभर भरपूर टेस्टिंग करी. फेरारीचा तर फ्योरानोला स्वतःचा ट्रॅक आहे. तिथे टायरमागून टायर झिजवून गाडी घासून-पुसून तयार व्हायची. मग खर्चाला आवर घालायचा म्हणून हंगामातलं टेस्टिंग जवळजवळ बंद झालं आणि हंगामाआधीचे दिवसही आक्रसत गेले. 2020मध्ये बार्सिलोनाजवळच्या मोंटमेलोला सहा दिवस मिळाले होते. पुढच्या वर्षी बहरीनचे तीनच. बहरीन का, याचं उत्तर सोपं आहे. फेब्रुवारीतला युरोप थंड असतो आणि थंड डांबरावर टायर खरं बोलत नाहीत. 28 फेब्रुवारी 2018ला तर मोंटमेलोवर बर्फ पडला होता आणि जवळजवळ अख्खा दिवस वाया गेला होता.

तालीम न झालेल्या नटाचं काय होतं, याची एक भारतीय गोष्ट याच साखिरच्या ट्रॅकवर घडलेली आहे. 2010मध्ये एचआरटी नावाचा नवा संघ उभा राहिला आणि चेन्नईचा करुण चांढोक त्याचा चालक झाला. पैशांची ओढाताण इतकी, की संघाने हंगामाआधी एकही दिवस टेस्टिंग केलं नाही. बहरीनला शर्यतीच्या आठवड्यात त्याची गाडी गॅरेजात अजून जोडतच होते. चांढोक तिच्यात बसून पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला तो थेट शनिवारच्या पात्रता फेरीत. दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्यांच्या आत त्याची शर्यत संपली. नारायण कार्तिकेयननंतर फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला तो दुसराच भारतीय. त्याच्या नशिबी तालमीचा एक दिवस आला असता तर, हा विचार मी त्या गॅरेजांच्या रांगेकडे बघत कितीदा तरी केला.

याउलट 2009चा ब्रॉन संघ. होंडाने अंग काढून घेतल्यावर मोडीत निघालेला तो संघ मार्चमध्ये, फार उशिरा, बार्सिलोनाला आला. अंगावर जाहिराती जवळपास नसलेली पांढरी गाडी घेऊन आला आणि सगळ्यांच्या पुढे धावला. लोकांना वाटलं, पुरस्कर्ते मिळावेत म्हणून वजन कमी करून दाखवेगिरी चालली आहे. त्या वर्षीचं विजेतेपद त्यांनीच घेतलं. टेस्टिंग कधी खोटं बोलतं, कधी अगदी खरं, आणि कोणत्या वेळी काय ते ओळखणं हीच या तीन दिवसांतली खरी मजा.

वीज गेली

पहिल्या दिवशी सकाळी ट्रॅकवर रेतीचा पातळ थर होता. गाडी गेली की मागे धुरळ्याची शेपटी उठायची. 2004मध्ये हा ट्रॅक सुरू झाला तेव्हापासून वाळू हा इथला कायमचा पाहुणा आहे. आसपासची वाळू उडू नये म्हणून तिच्यावर चिकट द्रावण फवारत. डांबरात घातलेली खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खाणीतून जहाजाने आणलेली. तिची धार टायरांना लवकर खाते, विशेषतः मागच्या. म्हणून टायर सांभाळणारी गाडी कुठली, ते इथे लपत नाही.

सुरुवातीला गाड्या बाहेर येतात, एकच फेरी मारतात आणि लगेच आत जातात. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. तसं नसतं. कुठे गळतं का, काही सैल आहे का, तारा नीट बोलतात का, एवढंच त्या फेरीत पाहायचं असतं. मग काही गाड्या पुढच्या चाकांमागे जाळीची भलीमोठी चौकट बांधून आल्या. आपल्याकडे भात चाळायच्या चाळणीसारखी, फक्त धातूची. तिच्यात बारीक नळ्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक नळी त्या जागी हवेचा दाब किती ते मोजते. ती चौकट लावून गाडी हळू, ठरावीक वेगाने जाते. या वेळी स्टँडमधली मुलं कंटाळून मोबाइल काढतात. मावसभाऊ मात्र पुढे सरकून बसला. मोजमाप चाललं असताना तो कधी मान वळवत नाही, ही त्याची गाळ्यातली सवय.

लाल गाडीत लुईस हॅमिल्टन पहिल्यांदाच टेस्टिंगला आला होता. फेरारी बाहेर पडली की स्टँड उठून उभा राहायचा.

आणि मग, दुपारच्या सत्रात, वीज गेली. अख्ख्या ट्रॅकची. लाल झेंडे हलले, गाड्या आत आल्या, पडदे काळे. तासाभराच्या आसपास सगळं थांबलं. एका संघासाठी चोवीस तासांतला एक तास म्हणजे काय, हे मला मावसभावाच्या चेहऱ्यावर दिसलं. "गाळ्यात वीज गेली की जॉब अर्ध्या कटवर अडकतो," तो सांगू लागला. "टूल आत रुतलेलं असतं. वीज आल्यावर तसंच चालू केलं तर टूल तुटतं, जॉब जातो. आधी टूल हाताने मागे घ्यायचं, शून्य पुन्हा लावायचं, मग सुरुवात." समोर गॅरेजच्या तोंडाशी मेकॅनिक हाताची घडी घालून उभे होते. आमच्या गाळ्यांबाहेर अशा वेळी उभे असतात, तसेच.

संध्याकाळी त्यावर कळस झाला. दिवे लागले आणि पाऊस शिंपडू लागला. वाळवंटात, फेब्रुवारीत. आमच्या मागच्या बाकावरचं एक बहरीनी कुटुंब हात पुढे करून थेंब झेलत होतं. दिवसअखेर सर्वांत वेगवान वेळ मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसची होती, 1 मिनिट 30.430 सेकंद. मावसभावाने ती वहीत लिहिलीसुद्धा नाही.

वहीतले आकडे

गुरुवारी 27 तारीख. मराठी भाषा गौरव दिन. आमच्या आजूबाजूला मल्याळी, तागालोग, अरबी, इंग्रजी चालू होतं आणि आम्ही दोघं मराठीत टायरांवर भांडत होतो.

मावसभावाची वही म्हणजे गाळ्यातल्या जॉब कार्डाचीच नक्कल. डावीकडे गाडी, मग टायरचा रंग, मग लागोपाठच्या फेऱ्यांच्या वेळा. फळ्यावर सर्वांत वर कोण आहे, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याचं म्हणणं असं : टाकीत किती पेट्रोल आहे हे कळल्याशिवाय एका फेरीची वेळ निरर्थक. 2025मध्ये शर्यतीत जास्तीत जास्त 110 किलो इंधन वापरता येत होतं. दहा किलो इंधन गाडीला एका फेरीत साधारण सेकंदाच्या तीन दशांशाने हळू करतं. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत तीन सेकंदांहून जास्त फरक. इतक्या फरकात तेव्हाचे अख्खे दहा संघ मावत होते. शिवाय टायर वेगळे, इंजिन किती ताणलंय ते वेगळं. कोण मुद्दाम हात राखून चालवतोय, तेही कळत नाही.

पण एक गोष्ट लपवता येत नाही. संध्याकाळी संघ लांब पल्ल्याची धाव घेतात. टाकी भरून, शर्यतीसारखी, न थांबता पंधरा-वीस फेऱ्या. बहरीनची शर्यत 57 फेऱ्यांची. 110 किलोला 57ने भागलं तर प्रत्येक फेरीला दोन किलोच्या आतबाहेर इंधन जळतं आणि तेवढ्याने गाडी दर फेरीला किंचित वेगवान व्हायला हवी. उलट टायर झिजतात, त्याने ती हळू होते. या दोघांच्या ओढाताणीत फेरीची वेळ कशी घसरते, ते बघायचं. कुणाची वेळ दर फेरीला दोन दशांशाने ढासळते, कुणाची जवळजवळ तिथेच राहते. जिची तिथे राहते, ती गाडी खरी.

त्या दिवशी फळ्यावर सर्वांत वर गेला विल्यम्सचा कार्लोस साइन्झ. 1 मिनिट 29.348. तीन दिवसांतली तीच सर्वांत वेगवान फेरी ठरली. हॅमिल्टन त्याच्यामागे 31 सहस्रांश सेकंदाने. स्टँडमध्ये टाळ्या पडल्या. विल्यम्स हा एकेकाळचा सम्राट, कितीतरी वर्षं तळाशी पडलेला. त्यामुळे माझेही डोळे भरून आले. संध्याकाळी अंधार पडल्यावर मात्र नॉरिस नारिंगी गाडी घेऊन लांब धावेला निघाला आणि मावसभावाची पेन्सिल थांबेना. फेरीमागून फेरी, आकडे एकाखाली एक, जवळजवळ सारखे. तुळशीवृंदावनाच्या पायरीवर पणत्या ओळीने ठेवाव्यात तसे. त्याने त्या रकान्याखाली दोनदा रेघ ओढली आणि वही मिटली.

शुक्रवारी काका आले

गिरीजचे काका रोज कामाला जाताना साखिरच्या ट्रॅकची पाटी बघत आले होते. वीस वर्षांत आत कधी गेले नव्हते. "आपण इथे काम करायला आलो, बघायला नाही," एवढंच ते म्हणाले होते. या एका वाक्यात आखातातली वसई मला सापडली. सत्तरच्या दशकापासून वाडी-वाडीतून माणसं इकडे आली. तेल, अॅल्युमिनियम, बंदरं, दवाखाने, हॉटेलं. आखाताच्या या काठावर पहिलं तेल लागलं ते याच बहरीनमध्ये, 1932 साली, साखिरहून फार दूर नसलेल्या जबल दुखानच्या पायथ्याशी. त्या पैशांतून मुलांची शिक्षणं झाली, गिरीज-सांडोर-निर्मळच्या बावखलांकाठी, म्हणजे छोट्या तळ्यांकाठी, कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरं आली. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी एक दुपार काढायची राहून गेली, असं काकांच्या पिढीत कितीतरी जणांचं असेल.

28 तारखेला त्यांची सुट्टी होती. दुसऱ्या दिवसापासून रमजान लागणार होता. सकाळी मनामाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये मिस्सा झाली. हे चर्च 1939चं, बहरीनच्या तेव्हाच्या शासकाने दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. वसईच्या कितीतरी मुलांचे बाप्तिस्मे तिथे झाले आहेत. काकूंनी घरी परतून आमच्याकडचे पिठाचे गोल फुगे तळले आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर निघाले. काकूंशी आमच्या कादोडी बोलीत काहीतरी पुटपुटत होते. काकू हसल्या. म्हणाल्या, "विचारतायत, टाय घालू का."

तो दिवसही विचित्र होता. सुरुवातीच्या रेषेवरच्या मचाणाची काच फुटून ट्रॅकवर सांडली. काचा झाडायला माणसं धावली. थोड्या वेळाने ट्रॅकवर चक्क एक बस दिसली आणि पुन्हा लाल झेंडा. काकांनी हे सगळं फार गंभीरपणे पाहिलं. त्यांच्या कारखान्यात सुरक्षेची खूण चुकली तर काय होतं, हे त्यांना माहीत आहे. मी त्यांना तिसऱ्या वळणापलीकडचा कठडा दाखवला. 29 नोव्हेंबर 2020ला रोमाँ ग्रोजाँची गाडी तिथे कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली. 28 सेकंद तो ज्वाळांत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. चालकाच्या डोक्याभोवतीच्या धातूच्या कमानीने त्याला वाचवलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात, 6 डिसेंबरला, याच साखिरवर मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमधली आपली पहिली शर्यत जिंकली. काकांना दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. ते कठड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

दुपारी त्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि गाडीऐवजी ट्रॅकच्या कडेला उभे असलेले नारिंगी कपड्यांतले मार्शल बघू लागले. हे सगळे स्वयंसेवक. झेंडे दाखवायचे, बंद पडलेली गाडी ओढून न्यायची, काचा झाडायच्या. त्यांत बहरीनी आहेत आणि तिथे नोकरीला असलेले परदेशीही. "अरे!" काका उठूनच उभे राहिले. "हा तर आमच्या क्वायरमधला. शुक्रवारी कधी येत नाही, म्हणून आम्ही त्याच्यावर चिडतो." मग त्यांनी स्टँडमधून दोन्ही हात वर करून हाका मारायला सुरुवात केली. इंजिनांच्या आवाजात ते त्या माणसाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी ते थांबले नाहीत.

संध्याकाळी सात वाजत आले तेव्हा गाड्या एकेक करून सुरुवातीच्या रेषेवर येऊन थांबू लागल्या. शर्यत सुटते तशी सुटण्याचा सराव. दिवे लागतात, विझतात, चाकं किंचाळतात, गाडी झेपावते आणि पुन्हा फिरून रांगेत येते. दहा संघांचे चालक, तीन दिवसांचे थकलेले, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करत होते. आमच्या तालमीत पहिलवान शेवटी जोर-बैठका मारतात, त्याची मला आठवण झाली. काकांनी पहिल्या सुटीला कानांवर हात ठेवले. तिसऱ्या सुटीला काढले.

मेलबर्नची सकाळ

शनिवारी, रमजानच्या पहिल्या दिवशी, आम्ही परतलो. अंधेरीहून विरार फास्टमध्ये सॅक पोटाशी धरून उभं राहताना चार दिवसांत विसरलेला दाब पुन्हा अंगात आला. सोमवारी मावसभाऊ गाळ्यात होता. एका नव्या मोल्डची ट्रायल होती. पहिल्या शॉटला कडेला बारीक पापुद्रा आला, म्हणजे फट. त्याने निळा रंग मागवला.

16 मार्चच्या रविवारी सकाळी साडेनवाला मेलबर्नची शर्यत होती. माझ्या घरी आम्ही टीव्हीसमोर बसलो. पाऊस पडत होता. साखिरला सर्वांत वेगवान धावलेला साइन्झ पहिल्याच फेरीत, सेफ्टी कारमागे चालताना, भिंतीवर जाऊन आदळला. शर्यत जिंकला नॉरिस. मावसभावाने वही उघडली, दोनदा रेघ ओढलेला रकाना माझ्यापुढे धरला आणि काही बोलला नाही.

तेवढ्यात बहरीनहून फोन आला. तिथेही शर्यत पाहून झाली होती. काका म्हणाले, पुढच्या वर्षी गाड्यांचे नियम आणि इंजिनं बदलणार आहेत असं तो क्वायरवाला सांगत होता, खरं का? मी म्हटलं, खरं आहे. जूनमध्ये तारखा जाहीर झाल्या तेव्हा मीच त्यांना फोन केला : सुरुवात जानेवारीअखेर बार्सिलोनाला, बंद दाराआड. मग बहरीनला दोनदा, 11 ते 13 फेब्रुवारी आणि 18 ते 20 फेब्रुवारी 2026.

पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. कॅलेंडर बघत असावेत. मग म्हणाले, "दोन्ही वेळा बुधवार ते शुक्रवार. शुक्रवार तर आहेच. दोन बुधवारांचा रजेचा अर्ज आज टाकतो."